विजेरीतील एलईडी आणि घटाचा विद्युत दाब

विजेरीतील प्रकाश उत्सर्जक डायोड (एलईडी) ज्या घटांवर चालतो, त्यांच्या विद्युत दाबाचा त्याच्या कार्यक्षमतेशी असलेला संबंध. विदर्भाच्या खेड्यांत विजेरीलाच ‘बॅटरी’ आणि आतल्या घटांना ‘सेल’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत गोंधळ टाळण्यासाठी साधनाला विजेरी व ऊर्जास्रोताला घट म्हटले आहे; सेल हा शब्द केवळ दीड व्होल्टच्या साध्या घटासाठी ठेवला आहे. कार्यक्षमता या शब्दाचेही येथे दोन अर्थ होतात: एलईडी प्रत्येक वॅटमागे किती लुमेन (प्रकाशाचे एकक) प्रकाश देतो हा पहिला, आणि घटातून निघालेल्या ऊर्जेचा किती हिस्सा एलईडीपर्यंत पोचतो हा दुसरा. घटाचा दाब उतरला की या दोन्ही एकाच दिशेने बदलतात असे नाही.

अर्धसंवाहकातून (सेमीकंडक्टर; एलईडी याच द्रव्याचा असतो) प्रकाश निघतो हे प्रथम कोणी पाहिले याबद्दल एकवाक्यता नाही. हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातील प्रकाशाची अल्पशी नोंद केली होती. तथापि या घटनेचा सलग अभ्यास १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह यांनी केला, त्यामुळे श्रेय त्यांच्याकडे झुकवणे अधिक योग्य वाटते. दृश्य लाल प्रकाश देणारा व्यवहार्य एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी तयार केला. विजेरीच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो तेजस्वी निळा एलईडी (१९९३), कारण निळ्या चिपवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या स्फुरदीप्त द्रव्याचा थर दिल्यानेच पांढरा प्रकाश मिळतो. निळ्या एलईडीच्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या विजेरीतील तारेच्या बल्बचा दाब पाचव्या हिश्शाने उतरला, तर प्रकाश निम्म्याच्या थोडा खाली येतो, वीज मात्र पूर्वीच्या सुमारे ७० टक्के खर्च होतच राहते. तार थंडावते, उजेड लालसर होतो आणि ऊर्जेचा वाढता भाग नुसती उष्णता होऊन जातो. सेल उतरले की बल्ब ‘सेल खातो’ हा जुना अनुभव त्यामुळे बरोबरच होता. परंतु तोच नियम एलईडीला लावणे चूक आहे. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे पांढरा एलईडी साधारण २.६ ते २.८ व्होल्टच्या आसपास उजळू लागतो आणि नेहमीच्या प्रवाहाला त्याच्यावर ३ ते ३.३ व्होल्ट दाब असतो. या पट्ट्यात दाब एक-दोन दशांश व्होल्टने वाढला तरी प्रवाह दुप्पट होऊ शकतो. उलट दाब थोडा उतरला की प्रवाह झपाट्याने कमी होतो, उजेड मंदावतो, पण प्रत्येक वॅटमागे मिळणारा प्रकाश बहुधा वाढतो.

ही वाढ का होते, याचे एक कारण वादातीत आहे: प्रवाह कमी असताना चिपवरचा दाब प्रकाशकणाच्या ऊर्जेच्या जवळ राहतो आणि चिप कमी तापते. दुसऱ्या कारणाबद्दल मात्र बराच वाद झाला. निळ्या एलईडीत प्रवाहाची घनता वाढवत नेल्यास कार्यक्षमता एका शिखरानंतर उतरू लागते. २००७ च्या सुमारास या उताराची दोन स्पष्टीकरणे पुढे आली. पहिल्यानुसार इलेक्ट्रॉन आणि पोकळी (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) या भारवाहकांच्या पुनःसंयोगातून सुटलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी तिसऱ्या भारवाहकालाच मिळते (ऑजर पुनःसंयोग). हा परिणाम भारवाहकांच्या घनतेच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो जास्त प्रवाहालाच बोचतो. दुसऱ्यानुसार स्फटिकातील ध्रुवीकरण क्षेत्रांमुळे इलेक्ट्रॉन प्रकाश देणारा थर ओलांडून निसटतात. २०१३ मध्ये सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फ्रान्समधील एकोल पॉलिटेक्निक येथील संशोधकांनी चिपमधून बाहेर पडणारे जादा ऊर्जेचे इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष मोजले. त्या मोजमापाच्या अर्थावर आक्षेप घेतले गेले असले, तरी पहिला पक्ष अधिक सबळ मानावा लागतो. फारच कमी प्रवाहाला स्फटिकातील दोष पुढे येतात आणि कार्यक्षमता पुन्हा खालावते. विजेरी अगदी मिणमिणती झाल्यावरच ही अवस्था येते.

कार्यक्षमतेचा दुसरा अर्थ विजेरीच्या मंडलावर (सर्किट) अवलंबून असतो. घट व एलईडी यांच्यामध्ये केवळ रोधक (रेझिस्टर) असेल, तर एलईडीपर्यंत पोचणारा हिस्सा म्हणजे एलईडीचा दाब भागिले घटाचा दाब. तीन नव्या सेलांच्या ४.५ व्होल्टपैकी एलईडीला ३.१ व्होल्ट लागल्यास सुमारे ६९ टक्के ऊर्जा कामी येते आणि उरलेली रोधकात जिरते; हेच सेल ३.३ व्होल्टवर उतरले आणि एलईडीचा दाब २.९ झाला, की हिस्सा ८८ टक्के होतो. ६ व्होल्टच्या घटावर एकच एलईडी लावल्यास जवळजवळ निम्मी ऊर्जा वाया जाते, आणि एकसरीत दोन लावल्यास त्यांना पुरेसा दाब उरत नाही. पांढऱ्या एलईडीला ६ व्होल्ट गैरसोयीचेच आहेत. लिथियम-आयन घट (भरलेला ४.२, नाममात्र ३.७ व्होल्ट) एलईडीच्या दाबाला बराच जवळचा आहे. एका-दोन सेलांच्या विजेरीत दाब वाढवणारे मंडल लागते आणि तेथे संबंध उलटतो: सेल १ व्होल्टच्या खाली गेला की तेवढ्याच उजेडासाठी त्यातून अधिक प्रवाह ओढावा लागतो, म्हणून मंडलाची हानी वाढते.

विदर्भात पाळीच्या विजेवर रात्री ओलित करणारे शेतकरी, रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्यापासून वावर राखण्यासाठी जागल करणारे, आणि पूर्व विदर्भात पहाटेच मोहफुले वेचायला निघणारे लोक विजेरी तासन्‌तास वापरतात. त्यांच्याकडील स्वस्त, घरी भरता येणाऱ्या विजेऱ्यांत बहुधा ४ व्होल्टचा शिसे-अम्ल घट आणि त्याला समांतर जोडलेले अनेक लहान एलईडी असतात. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक नसल्यास जो अधिक तापतो त्याचा दाब प्रतिअंश काही मिलिव्होल्टने उतरतो, म्हणून तोच अधिक प्रवाह घेतो, आणखी तापतो आणि आधी जळतो. घटाचे नुकसान याहून गंभीर आहे. ४ व्होल्टचा शिसे-अम्ल घट ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नये. एलईडी मात्र २.८ व्होल्टलाही मंद उजेड देत राहतो, तोही काटकसरीने, त्यामुळे वापरणाऱ्याला थांबण्याची खूण मिळत नाही. असा रिकामा घट दोन-तीन दिवस तसाच राहिला, की पट्ट्यांवरील शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होऊ लागतात आणि पुढच्या वेळी तो पूर्ण भरत नाही. उजेड ठळकपणे मंदावताच विजेरी बंद करून त्याच दिवशी भरायला लावल्यास घट अधिक काळ टिकतो.