मेटफॉर्मिनमुळे किडनी खराब होते का?

'मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतली की किडनी जाते' हे ऐकून कित्येकजण मेटफॉर्मिन परस्पर बंद करतात. किडनी पोखरते ती वाढलेली साखर आणि रक्तदाब, गोळी नव्हे.

गैरसमजाचं मूळ असं: मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. किडनी आधीच मंदावली असेल तर ती रक्तात साठते आणि क्वचित लॅक्टिक ॲसिड धोकादायक पातळीपर्यंत वाढतं. म्हणून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा तपासणीतला आकडा) ४५ च्या खाली गेला की डोस साधारण निम्म्यावर आणतात, ३० च्या खाली गोळी थांबवतात. बघणाऱ्याला वाटतं, गोळीनेच घात केला! जोराचे जुलाब-उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी झालं, तरी डॉक्टरांना विचारून ती तात्पुरती थांबवावी लागते.

खरा दुष्परिणाम वेगळाच, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही: बी-१२ ची कमतरता. पायाला मुंग्या येतात, खापर मात्र मधुमेहावर फुटतं.

मधुमेहाचीच दुसरी एक गोळी, डापाग्लिफ्लोझिन, तर किडनीचा ऱ्हास मंदावते, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं. सुरुवातीला ईजीएफआर किंचित उतरतो. तो अपेक्षितच असतो.