अंतर्निरीक्षण (संशोधनपद्धती)

स्वतःच्या मनात चालू असलेल्या वा नुकत्याच घडून गेलेल्या वेदन (इंद्रियांना होणारी जाणीव), प्रतिमा, भावना, विचार इ. घडामोडींचे व्यक्तीने केलेले निवेदन संशोधनाची सामग्री म्हणून वापरण्याची पद्धती. साधनेतील किंवा नीतिविचारातील आत्मपरीक्षणाहून ती वेगळी आहे. येथे निवेदन करणारा प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती) व नोंद घेणारा प्रयोगकर्ता सहसा निराळे असतात आणि आपल्या अनुभवाचे बरेवाईट प्रयुक्ताने ठरवायचे नसते.

प्रयोगशाळा निघण्यापूर्वीच पद्धतीवरचा मुख्य आक्षेप मांडला गेला होता. एकाच माणसाने विचारही करावा आणि त्या विचाराकडे पाहावेही, हे अशक्य असल्याचे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत यांचे म्हणणे. जॉन स्ट्यूअर्ट मिल यांनी १८६५ मध्ये त्याला उत्तर दिले : घटना ओसरताच, स्मृती ताजी असताना तिचा अभ्यास करता येतो. फ्रान्ट्स ब्रेन्टानो यांनी १८७४ मध्ये रागाचे उदाहरण घेतले. रागावलेला माणूस आपल्या रागाचे निरीक्षण करू लागला, की राग तिथेच उतरतो. पुढील बहुतेक सुधारणा अनुभव आणि निवेदन यांतील हे अंतर कसे सांभाळायचे, याभोवतीच फिरतात.

पद्धतीचे जनकत्व पाठ्यपुस्तके व्हिल्हेल्म व्हुंट यांच्या १८७९ च्या लाइपसिक येथील प्रयोगशाळेला देतात. हे विधान जपून घ्यावे लागते. साधे आत्मनिरीक्षण आणि नियंत्रित परिस्थितीतील आंतरिक संवेदन यांत व्हुंट फरक करीत, आणि पहिले त्यांनी त्याज्यच मानले होते. त्यांच्या अटी अशा : उद्दीपक (जाणीव जागवणारी वस्तू वा घटना) केव्हा येणार हे निरीक्षकाला ठाऊक असावे, अवधान एकाग्र असावे, निरीक्षण पुनःपुन्हा करता यावे व परिस्थितीत पद्धतशीर बदल करता यावेत. निवेदनही बहुधा ‘जास्त’, ‘कमी’, ‘सारखे’ एवढ्यापुरते असे. कुर्ट डॅन्झिगर यांनी १९८० मध्ये व्हुंट यांच्या नियतकालिकातील १८८३ ते १९०३ या काळातले सुमारे १८० प्रायोगिक अभ्यास तपासले. विस्तृत आत्मनिवेदनावर आधारलेले त्यांत केवळ चार निघाले. एडविन बोरिंग यांनी १९५३ मध्ये लिहिले, की लाइपसिकमध्ये १०,००० प्रतिक्रियांचा सराव नसलेल्या निरीक्षकाची सामग्री प्रसिद्धीयोग्य मानली जात नसे. हा आकडा आजही सर्रास उद्धृत होतो. मात्र बोरिंग हे एडवर्ड टिचनर यांचे शिष्य होते आणि टिचनर यांची तपशीलवार वर्णनाची पद्धती व्हुंट यांच्या पदरात टाकण्याकडे त्यांचा कल दिसतो. डॅन्झिगर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

तपशीलवार वर्णनाची पद्धती खऱ्या अर्थाने रुजवली ती १८९२ पासून कॉर्नेल विद्यापीठात असलेल्या एडवर्ड टिचनर यांनी. ‘उद्दीपक-दोष’, म्हणजे वेदनाऐवजी वस्तूचेच वर्णन करणे, टाळणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचा गाभा होता. कर्कटकाची दोन टोके त्वचेवर टेकवली, की नवखा निरीक्षक ‘दोन’ म्हणून मोकळा होतो, कारण कर्कटकाला दोन टोके असतात हे त्याला माहीत असते. प्रत्यक्ष वेदन मात्र एकच, लांबट आणि कडा बोथट असलेले असू शकते. प्रशिक्षित निरीक्षकाने वस्तू बाजूला ठेवून गुण, तीव्रता, कालावधी, विस्तार व स्पष्टता एवढेच सांगायचे. तोटा उघड आहे : प्रशिक्षण देणाऱ्याचा सिद्धांतच निरीक्षकाच्या तोंडून परत येतो.

नेमके हेच प्रतिमेविना विचार असतो का, या जर्मनीतील वुर्ट्सबुर्गच्या वादात दिसले. तेथील ऑस्व्हाल्ट क्यूल्पे यांच्या गटातील हेन्री वॉट यांनी १९०४ च्या सुमारास शब्दसाहचर्याच्या (दिलेल्या शब्दावरून दुसरा शब्द सुचवण्याच्या) प्रयोगात एका प्रतिक्रियेचे चार टप्पे पाडले : पूर्वतयारी, उद्दीपक शब्दाचे आगमन, उत्तराचा शोध आणि उत्तराचा उच्चार. एका फेरीत प्रयुक्ताने एकाच टप्प्याकडे लक्ष द्यायचे, म्हणजे स्मृतीवर भार येत नाही. आश्चर्य असे, की शोधाच्या टप्प्यात सांगण्याजोगे फारसे काही हाती लागले नाही. काम पूर्वतयारीच्या वेळी दिलेल्या सूचनेनेच होऊन गेले होते. कार्ल ब्यूलर यांनी पुढे अवघड प्रश्न विचारून, ‘हो–नाही’ उत्तर मिळताच मनात काय झाले ते वर्णन करून घेतले. प्रतिमेविना विचार असतो, असा निष्कर्ष या गटाने काढला. व्हुंट यांनी १९०७ मध्ये या प्रयोगांना निव्वळ उलटतपासणी ठरवले. कॉर्नेलच्या निरीक्षकांना मात्र त्याच जागी अस्पष्ट प्रतिमा व स्नायुवेदने सापडली. वाद सोडवायला तिसरा साक्षीदार नव्हता. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाची (मानसशास्त्राने केवळ दिसणारे वर्तन अभ्यासावे या मताची) बाजू मांडताना याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवले.

१९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट व टिमथी विल्सन यांनी एकसारख्या नायलॉन मोज्यांचे चार जोड ओळीने मांडून ग्राहकांना निवड करायला सांगितले. सर्वांत उजवीकडचा जोड डावीकडच्याच्या जवळपास चौपट वेळा निवडला गेला, पण कारण सांगताना जागेचा उल्लेख कोणीच केला नाही. तेव्हापासून ‘का’ या प्रश्नाचे उत्तर सामग्री म्हणून घेताना संशोधक बिचकतात.

आज सर्वाधिक वापर मोठ्याने विचार करण्याच्या, म्हणजे काम करताना मनात येईल ते बोलत राहण्याच्या, तंत्राचा होतो. अँडर्स एरिक्सन व हर्बर्ट सायमन यांनी १९८० व १९८४ मध्ये त्याची घडी बसवली. आधी २४ × ३६ सारख्या तोंडी गुणाकारावर किंवा घराला खिडक्या किती, अशा प्रश्नावर सराव घ्यावा. प्रयोगकर्त्याने प्रयुक्ताच्या नजरेआड बसावे. समोर बसल्यास प्रयुक्त समजावून सांगू लागतो. काही क्षण शांतता पसरली, तर ‘बोलत राहा’ एवढेच म्हणावे. ‘आता काय विचार करताय?’ असे विचारले, की विचार थांबून त्याचे स्पष्टीकरण सुरू होते. मनात शब्दरूपाने असलेले बोलल्याने विचारक्रम बदलत नाही. प्रतिमा शब्दांत आणताना वेग मंदावतो. कारणे मागितली, तर विचारक्रमच बदलतो. भाषेचे बंधन घालू नये. पाढे मराठीतून पाठ केलेला प्रयुक्त ‘चोवीस सक’ असेच म्हणणार; त्याला इंग्रजीत बोलायला लावले, तर गुणाकाराऐवजी भाषांतराची सामग्री जमा होते. ध्वनिमुद्रणाच्या संहितेचे तुकडे पाडून गृहीतक माहीत नसलेल्या दोघांकडून स्वतंत्रपणे संकेतन (ठरलेल्या प्रकारांत वर्गवारी) करून घ्यावे.

काम मध्येच बोलता येण्याजोगे नसेल (उदा., संभाषण, वर्गातील अध्यापन), तर चित्रफीत दाखवून मागाहून निवेदन घेतात. बेंजामिन ब्लूम यांनी १९५३ मध्ये वर्गातील ध्वनिमुद्रण ऐकवून विद्यार्थ्यांचे विचार याच रीतीने नोंदवले. मुलाखत दोन दिवसांच्या आत व्हावी आणि प्रश्न ‘तेव्हा’ वर ठेवावा, नाहीतर प्रयुक्त आत्ता सुचलेलेच सांगतो. रसेल हर्लबर्ट यांच्या अनुभवाचे नमुने घेण्याच्या तंत्रात जवळचे यंत्र दिवसातून साधारण सहा वेळा अवचित वाजते, प्रयुक्त त्या आधीच्या क्षणाची टिपणे करतो आणि २४ तासांच्या आत मुलाखत होते. पहिल्या दिवसाची निवेदने बहुधा सरावातच जमा धरावी लागतात.

भारतात प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन १९१५–१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे सुरू झाले. प्रात्यक्षिकांच्या वहीत निष्कर्षांलगत प्रयुक्ताच्या अंतर्निरीक्षणाचा रकाना अजूनही आढळतो. तो बहुधा ‘प्रयोग आवडला’ अशा वाक्याने भरलेला असतो.