लिव्हर ॲक्शन रायफल: काडतूस पुढच्या नळीतून की बाजूच्या झडपेतून?

विंचेस्टर या अमेरिकी कंपनीची मॉडेल १८९४ ही .३०-३० रायफल आणि आजच्या हेन्री कंपनीची .२२ रायफल (.३०-३० आणि .२२ ही काडतुसांच्या आकारांची नावे, पहिले मोठे, दुसरे लहान) शेजारी ठेवल्या, तर दोन्हींत चापाभोवती तोच कडीसारखा लिव्हर (तो खाली ओढून परत वर घेतला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते) आणि बॅरलखाली तीच लांब नळी दिसते. त्यामुळे दोन्ही भरण्याची रीतही एकच असणार, असा समज सहज होतो. वस्तुतः दोन्हींत काडतुसे बॅरलखालच्या नळीतच एकामागे एक बसतात. फरक आहे तो ती आत कुठून जातात याचा.

मोठ्या काडतुसाच्या रायफलीत उजव्या बाजूला स्प्रिंगवर मिटणारी एक छोटी झडप असते. काडतूस टोकाकडून तिच्यात दाबले की ते आधीच्या काडतुसाला पुढे ढकलत नळीत सरकते. अर्धी रिकामी झालेली रायफल खांद्यावरून फारशी न हलवता पुन्हा भरता येते, हा या रचनेचा मोठा लाभ.

.२२ मध्ये अशी झडप सहसा नसते. तिच्या बाहेरच्या नळीत पितळेची दुसरी नळी असते आणि स्प्रिंग त्या आतल्या नळीत असते. नळीच्या तोंडाजवळची गुंडी फिरवून आतली नळी वर ओढली, की बाहेरच्या नळीला पाडलेले काडतुसाच्या आकाराचे छिद्र मोकळे होते. त्यातून काडतुसे बुडाकडून, म्हणजे गोळीचे टोक पुढे राहील अशी, एकेक सोडायची आणि आतली नळी खाली दाबून गुंडी अडकवायची. हेन्रीच्या नेहमीच्या .२२ रायफलीत अशी ‘लाँग रायफल’ नावाची लांब .२२ काडतुसे १५ किंवा ‘शॉर्ट’ नावाची आखूड काडतुसे २१ मावतात.

यातील पुढून भरण्याची कल्पना जुनी आहे. बेंजामिन टायलर हेन्री यांच्या १८६० च्या रायफलीत आतली नळी नव्हती, पण काडतुसे पुढच्या टोकाकडूनच सोडावी लागत, आणि नळीच्या खालच्या बाजूला असलेल्या लांब उघड्या खाचेतून धूळ-माती आत शिरत असे. नेल्सन किंग यांची बाजूची झडप १८६६ च्या विंचेस्टरमध्ये आली आणि ही अडचण संपली. (आजची हेन्री कंपनी १९९० च्या दशकातील आहे, त्या जुन्या कारखान्याशी तिचे नाते केवळ नावाचे.)

मग .२२ ने ही सुधारणा का घेतली नाही? त्यात रिमफायर काडतूस असते, म्हणजे ठिणगी देणारे मिश्रण त्याच्या काठात भरलेले असते, एवढे कारण पुरत नाही, कारण १८६६ च्या विंचेस्टरचे .४४ काडतूसही रिमफायरच होते. खरा प्रश्न आकाराचा आहे. .३०-३० चे काडतूस सुमारे ६५ मिलिमीटर लांब असते, तर .२२ लाँग रायफलचे जेमतेम २५. इतकी लहान वस्तू बोटाने झडपेत दाबणे किचकट असते, शिवाय तिची उघडी शिशाची गोळी मऊ असते. मार्लिन या दुसऱ्या कंपनीने १८९१ च्या आपल्या .२२ रायफलीत सुरुवातीला बाजूने भरण्याची सोय दिली होती, पण लवकरच ती सोडून नळीची रचना स्वीकारली. विंचेस्टरनेही १८७३ च्या मॉडेलची .२२ आवृत्ती काढताना झडप वगळली. म्हणून नळीला स्वस्तातली तडजोड म्हणणे मला पटत नाही.

रिकामी करताना तर .२२ ची रचनाच सरस ठरते. झडपेच्या रायफलीतील प्रत्येक काडतूस काढण्यासाठी लिव्हर पुन्हा पुन्हा चालवावा लागतो, तर इथे आतली नळी पूर्ण काढून रायफल तिरपी केली की नळीतली काडतुसे घरंगळत बाहेर येतात. अलीकडे हेन्रीने मोठ्या काडतुसांच्या काही रायफलींना झडप आणि काढता येणारी नळी या दोन्ही सोयी दिल्या आहेत, त्यामागे हाच हिशेब दिसतो. मात्र नळी रिकामी झाली तरी एखादे काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस उडते त्या खोबणीत) किंवा ते वर उचलणाऱ्या पट्टीवर राहिलेले असू शकते, त्यामुळे नळी काढल्यानंतरही रायफल सुरक्षित दिशेला धरून आणि बोट चापापासून दूर ठेवून लिव्हर काही वेळा पूर्ण चालवावा लागतो आणि चेंबर डोळ्यांनी पाहावे लागते. भरतानाही हात बॅरलच्या तोंडाजवळ जात असल्याने ही तपासणी आधीच झालेली असावी लागते.