बाणाचा ताठरपणा : पारंपरिक रिकर्व्ह धनुष्याशी जुळवणी

बाणाची काठी वाकण्याला किती विरोध करते, याला तिरंदाजीत ‘स्पाइन’ म्हणतात. पारंपरिक रिकर्व्हवर, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्यावर, बोटांनी दोरी सोडली जाते आणि बाण धनुष्याच्या मधल्या दांड्याला, म्हणजे रायझरला, खेटून निघतो. अशा वेळी बाणाची काठी त्या धनुष्याला साजेशी नसेल, तर नेम अचूक असूनही बाण एका बाजूला पडतो.

यामागचे कारण यांत्रिक आहे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण रायझरच्या डाव्या अंगाला टेकतो, त्यामुळे तो दोरीच्या प्रवासरेषेपासून किंचित डावीकडे रोखलेला असतो. सुटताना दोरी बोटांच्या टोकांवरून घरंगळते आणि बाणाच्या मागच्या टोकाला आडवा झटका देते. पुढे जड टोकाचे जडत्व आणि मागून दोरीचा रेटा, यांच्यामध्ये काठी वाकते, मग उलट बाजूला वाकते आणि या लहरत्या चालीने रायझरला वळसा घालून निघून जाते. रायझरजवळून पिसे जातात त्या क्षणी काठीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला झुकलेला असला पाहिजे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने ही हालचाल टिपली. काठी फार ताठ असेल तर ती पुरेशी वाकत नाही, रायझर तिला ढकलतो आणि बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर ती जास्त वाकते आणि बाण उजवीकडे जातो. डावखुऱ्यांसाठी दिशा उलट समजाव्यात.

काठीवर छापलेला आकडा बहुधा स्थिर ताठरपणाचा असतो. कार्बन व ॲल्युमिनियमसाठी काठी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगतात. ती ०.५०० इंच लवली तर तिला ५०० म्हणतात. लाकडी काठ्यांची पद्धत वेगळी आहे : आधारांमधले अंतर २६ इंच, वजन २ पौंड, आणि २६ ला इंचांतल्या लवणीने भागले की स्पाइन पौंडांत मिळतो. ०.५२ इंच लवणारी काठी ५० पौंडांची. गोंधळ इथेच होतो, कारण कार्बनमध्ये आकडा वाढला की काठी मऊ होते, लाकडात आकडा वाढला की ताठ. शिवाय मोजण्याचे अंतर आणि वजन वेगळे असल्याने थेट तुलना होत नाही. ५०० ची कार्बन काठी लाकडी मापात सुमारे ६३ पौंडांची भरते. ॲल्युमिनियमवर ताठरपणा छापलेलाच नसतो : १९१६ मधले १९ म्हणजे व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत आणि १६ म्हणजे भिंतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत. तिची लवण तक्त्यात पाहावी लागते.

प्रत्यक्ष सुटताना काठी जशी वागते तो गतिक ताठरपणा, आणि जुळवायचा असतो तो हाच. त्यावर सर्वांत मोठा परिणाम लांबीचा : काठी लांब ठेवली की मऊ, कापली की ताठ. पुढचे टोक जड केले की काठी मऊ वागते. मागच्या बाजूला वजन वाढले, उदाहरणार्थ जड नॉक (दोरीत बसणारा खाचेचा तुकडा) किंवा वेष्टन आले, तर ती थोडी ताठ वागते. कमी ताणली जाणारी आधुनिक धाग्याची दोरी बाणाला अधिक ऊर्जा देते, म्हणून डेक्रॉनच्या, म्हणजे जास्त ताणल्या जाणाऱ्या पॉलिस्टर धाग्याच्या, दोरीपेक्षा ताठ काठी लागते. मात्र धनुष्याची टोके मजबूत केलेली नसतील तर अशी दोरी चढवूच नये. रायझरची खिडकी, म्हणजे बाण जाण्यासाठी बाजूला कापलेली खाच, मध्यरेषेपर्यंत किंवा तिच्याही आत कापलेली असेल तर बाणाला वळसा कमी घालावा लागतो आणि ताठ काठी चालते. खिडकी उथळ असेल तर मऊ काठी लागते. बाण टेकतो तिथली चामड्याची पट्टी जाड केली तरी बाण मध्यरेषेपासून दूर सरकतो आणि ताठ असल्यासारखा वागतो. पारंपरिक धनुष्यावर स्प्रिंगचे बटण नसते, म्हणून बारीक दुरुस्तीसाठी ही पट्टी फार उपयोगी पडते.

निवडीआधी धनुष्य ओढताना बोटांवर येणारे खरे वजन मोजावे. धनुष्यावरचा आकडा २८ इंच ओढीचा असतो आणि दर इंचाला साधारण अडीच पौंडांचा फरक पडतो. ४५ पौंडांचे धनुष्य २७ इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर ४२–४३ पौंडच येतात. लाकडी काठीचा प्रचलित हिशेब असा : २८ इंच लांबी आणि १२५ ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) टोक धरून ओढीच्या वजनाइतका स्पाइन घ्यावा, लांबीचा प्रत्येक जादा इंच किंवा टोकाचे प्रत्येकी २५ जादा ग्रेन यांसाठी ५ पौंड वाढवावेत, खोल खिडकीसाठी आणखी ५ ते १० पौंड. हा हिशेब फक्त सुरुवातीपुरता. काठ्यांचा पूर्ण संच घेण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या ताठरपणाच्या काठ्या लांबच ठेवून तपासाव्यात. कापलेली काठी पुन्हा लांब होत नाही, म्हणून चुकायचेच असेल तर मऊ बाजूला चुकावे.

तपासणी पिसे नसलेल्या बाणाने करतात, कारण पिसे चुका झाकतात. दोरी व रायझर यांमधले अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, आधी पक्के करावे. दोरीवरची नॉक बसवण्याची खूण, बाण टेकतो तिथून दोरीशी काटकोन करणाऱ्या रेषेपेक्षा सुमारे अर्धा इंच वर बांधावी. सुमारे १८ मीटरवरून तीन पिसांचे आणि तीन बिनपिसांचे बाण सोडावेत, टोके सारख्या वजनाची ठेवून. आधी उभा फरक मिटवावा : बिनपिसांचे बाण वर लागले तर खूण खाली आहे, खाली लागले तर वर. खूण खाली राहिली तर बाण शेल्फवर, म्हणजे रायझरवरच्या बाण टेकण्याच्या जागेवर, आपटून उसळतो आणि पुढचे सगळे निष्कर्ष बिघडतात. त्यानंतरच आडवा फरक पाहावा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण उजवीकडे लागले तर काठी मऊ. पाव-पाव इंच कापत जावे किंवा टोक २५ ग्रेनने हलके करावे. डावीकडे लागले तर ताठ. टोक जड करावे किंवा पट्टी पातळ करावी. पिसांच्या वजनाने मागचा भाग जड होऊन बाण जरा ताठ वागतो, म्हणून बिनपिसांचा बाण अगदी किंचित मऊ दिसला तरी कापणे थांबवावे.

लक्ष्यात रुतलेल्या बाणाच्या तिरकेपणावरून निर्णय घेऊ नये. गवताचे किंवा फोमचे लक्ष्य तो कोन बदलते. फार ताठ काठी रायझरवर आपटून उलट दिशेला उडते आणि मऊ असल्याचा भास देते. खात्रीसाठी काठीच्या मागच्या भागावर कोरडी पावडर लावावी. ती रायझरवर उमटली तर घर्षण होत आहे. ओढ एखादा इंच कमी-जास्त होत असेल किंवा दोरी कधी झटकून सोडली जात असेल, तर जुळवणी होणारच नाही. अशा वेळी बाणाला हात न लावता आधी ओढ स्थिर करावी.

लाकडी संचात सगळ्या काठ्या ५ पौंडांच्या एकाच गटातल्या आणि वजनाला सारख्या हव्यात. नॉकची खाच वर्षवलयांच्या रेषांना काटकोनात कापावी, म्हणजे काठीची ताठ बाजू रायझरला लागते. लाकडाचे रेषे कडेला तुटत असतील तर वरच्या पृष्ठावर त्यांची टोके पुढच्या दिशेला ठेवावीत. काठी मोडलीच तर फाटलेले टोक हातापासून दूर जाते. बाणाचे एकूण वजन ओढीच्या दर पौंडामागे किमान ८ ग्रेन असावे, पारंपरिक धनुष्याला १० अधिक मानवतात. कार्बनची काठी प्रत्येक वेळी सोडण्याआधी हाताने वाकवून, फिरवून पाहावी, आणि तडकल्याचा आवाज आला किंवा धागे उकललेले दिसले तर मोडून टाकावी.