टर्फच्या पोटात काय असतं? दिल्लीचं ध्यानचंद स्टेडियम

दिल्लीतला कर्तव्य पथ इंडिया गेटपाशी संपतो, पण त्याची सरळ रेष पुढे नेली तर ती मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर जाते. स्टेडियमच्या मागे पुराना किल्ला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ साली हे उभं राहिलं, तेव्हा त्याचं नाव आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर होतं. आराखडा रॉबर्ट टॉर रसेल यांचा, म्हणजे कनॉट प्लेसच्याच वास्तुविशारदाचा. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक दिनाचं पहिलं संचलन इथे झालं. मार्च १९५१ मध्ये पहिले आशियाई खेळ इथेच भरले आणि जागेला नॅशनल स्टेडियम हे नाव मिळालं. ध्यानचंद यांचं नाव लागलं ते २००२ मध्ये.

१९५१ मध्ये खेळ गवतावर होत. हॉकीचं जग पालटलं १९७६ मध्ये: माँट्रियल ऑलिंपिकची हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या गवतावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. १९८२ च्या आशियाई खेळांतला हॉकीचा अंतिम सामना याच स्टेडियमवर झाला. पाकिस्तानने भारताला ७-१ हरवलं. २०१० च्या विश्वचषकासाठी आणि राष्ट्रकुल खेळांसाठी स्टेडियमची पुन्हा उभारणी झाली. आसनसंख्या सुमारे १६ हजार, सरावासाठी वेगळी टर्फ, प्रकाशझोत, हे सगळं बातम्यांत येतंच. हॉकीपटूला मात्र त्याआधी विचारायचं असतं, की टर्फखाली काय घातलंय आणि ती भिजवणारा पाण्याचा पंप किती दाबाने चालतो.

हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. चहूबाजूंची मोकळी पट्टी धरली की एकूण जागा होते साधारण १०१.४ गुणिले ६३ मीटर, म्हणजे जवळपास ६,४०० चौरस मीटर. एवढ्या जागेत सर्वांत खाली दाबून बसवलेली माती, त्यावर खडीचे थर आणि त्यावर डांबराचा सपाट थर. डांबर पाणी झिरपू देणारं घ्यायचं की घट्ट घेऊन हलक्या उताराने पाणी कडेच्या गटारात न्यायचं, हे आधीच ठरवावं लागतं, कारण नंतर बदलता येत नाही. उतार एक टक्क्याहून जास्त नको, नाहीतर एका बाजूला पास आपोआप लांब जातो. सपाटी तपासायला तीन मीटरची सरळ पट्टी ठेवतात. खाली सहा मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर तो भाग दुरुस्तीला काढतात. इथे केलेली घाई पुढे वर्षानुवर्षं डबक्यांच्या रूपात दिसत राहते.

डांबरावर शॉक पॅड येतं: रबराचे दाणे पॉलियुरेथेनने बांधून केलेला, दीडएक सेंटिमीटरचा लवचीक थर. खेळाडूच्या गुडघ्यांना बसणारा धक्का तोच शोषतो. हे मोजायला २० किलोचं वजन ५५ मिलिमीटरवरून टर्फवर आणि काँक्रीटवर पाडतात आणि दोन्हीकडच्या धक्क्यांची तुलना करतात. चेंडूची उसळी पाहायला तो दीड मीटरवरून सोडतात. पॅड फार मऊ असलं की पाय जड होतात. फार कडक असलं की चेंडू स्टिकवरून उडतो. सगळ्यात वर टर्फ: सेंटिमीटरभर उंचीचे, दाट विणलेले धागे. फुटबॉलच्या टर्फसारखी वाळू किंवा रबराचा भुगा यात नसतो. भुग्याचं काम इथे पाणी करतं.

पाण्याने धागा आणि चेंडू यांतलं घर्षण घटतं. त्यामुळे १५६ ते १६३ ग्रॅमचा चेंडू न उडता सरळ सरकतो, पेनल्टी कॉर्नरचा (गोलजवळच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या फटक्याचा) पास ठरल्या वेगाने येतो आणि घसरून पडलेल्या खेळाडूची कातडी सोलवटत नाही. उन्हात टर्फ गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, कारण गवताच्या पात्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते तशी तिच्यातून पडत नाही. शिंपडलेलं पाणी वाफ होताना ती उष्णता काही काळ घेऊन जातं.

हिशेब सोपा आहे. १ मिलिमीटर पाण्याचा थर म्हणजे ६,४०० लिटर. सामन्याआधी ३ मिलिमीटर दिलं तर १९ हजार लिटरवर जातं. मध्यंतर दहा मिनिटांचं. त्यात खेळाडू परतण्याआधी पाच मिनिटांत १ मिलिमीटर द्यायचं, म्हणजे मिनिटाला सुमारे १,३०० लिटर. नळाच्या लाइनला हे जमत नाही. त्यासाठी वेगळी टाकी, जोरदार पंप आणि कडेने बसवलेले लांब फेकीचे फवारे लागतात.

बिघाडही इथेच होतात. वारा असेल तर तो ज्या बाजूने येतो तिथला पट्टा कोरडा राहतो आणि चेंडू त्या पट्ट्यावर येताच अडखळतो. प्रेक्षकाला वाटतं खेळाडूनेच चूक केली. फवाऱ्याची एक तोटी गाळाने अर्धी बंद झाली तरी तोच प्रकार. जड पाणी असेल तर क्षार धाग्यांवर साठून ते ताठ होतात. प्रेक्षागृहाच्या सावलीत शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. दिल्लीच्या हवेतली धूळ धाग्यांच्या मुळाशी बसली की निचरा मंदावतो, म्हणून यंत्राने नियमित घासावं आणि शोषून घ्यावं लागतं. झीज सारखी होत नाही: गोलसमोरचा भाग आणि १४.६३ मीटर त्रिज्येचा डी (गोलभोवती आखलेला अर्धगोल) आधी झिजतात, कारण ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलवर फेकण्याचा फटका मारणारा पाय रोज तिथेच रोवला जातो. टर्फच्या दोन पट्ट्यांमधली शिवण उसवायला लागली तर त्याच आठवड्यात चिकटवावी. उसवलेल्या कडेत स्टिक अडकली की पट्टाच उचलला जातो. टर्फ साधारण आठ-दहा वर्षांत बदलावी लागते. पॅड शाबूत असेल तर त्याच पॅडवर नवी टर्फ बसते आणि खर्च बराच आटोक्यात येतो.

आता आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाला पाणी कमी करायचं आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची टर्फ बऱ्याच कमी पाण्यात चालणारी होती आणि तिच्या धाग्यांत उसापासून बनवलेलं पॉलिथिलिन हे प्लास्टिक होतं. पूर्ण कोरड्या टर्फची अडचण मात्र तीच, घर्षण: पाण्याशिवायही चेंडू तितकाच सरकला पाहिजे आणि कोपर सोलवटता कामा नये. तशी टर्फ आली तरी खडी, डांबर आणि पॅड यांत काटकसर करता येणार नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात तर निव्वळ गारव्यासाठी फवारे ठेवावे लागतील.