पाळीव, माणसाळलेला आणि कायद्यातला: प्राण्यांवरच्या मराठी पुस्तकांची पार्श्वभूमी

वाचनालयात प्राण्यांच्या पुस्तकांचा वेगळा कप्पा असला, तर कुत्र्याची निगा कशी राखावी हे सांगणारं पुस्तक, बैलाच्या कथा आणि माणसांत वाढलेल्या बिबट्याची हकीकत शेजारी शेजारी लावलेली असतात. वाचणाऱ्याचं काही अडत नाही, कारण लळा तिन्हींत आहे. कायद्याचं मात्र अडतं, आणि जुनी पुस्तकं आज मुलांच्या हाती देताना तेच आठवावं लागतं.

फार मागे जायचं तर लीळाचरित्रातल्या सशापर्यंत जाता येईल. पारध्यांनी पिटाळलेला ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो आणि वाचतो. पण तो आश्रयाला आलेला, पाळलेला नव्हे. पाळण्याचं नातं गद्यात भरभरून आलं ते ग्रामीण कथेतून, आणि तिथं 'पाळीव प्राणी' असं कुणी बोलत नाही. गुरं, ढोरं, जनावर, जित्राब, राखणीचा कुत्रा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. जू घासून घासून तिथलं कातडं जाड, खरखरीत झालेलं असतं, ते बोटांना कळतं. चोळता चोळता बैलाला म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' घरच्या पाहुण्याशी बोलावं तसं.

'पाळीव' हा शब्द आपल्या मनात पक्का केला तो शाळेनं. तिथं रकाने दोनच: पाळीव आणि जंगली. बोलण्यात मात्र तिसराही आहे, माणसाळलेला. झाडावरून पडलेलं खारीचं पिल्लू, उघड्या दारातून स्वयंपाकघरात येणारी साळुंकी, आई मेलेलं पाडस. ही पाळीव नव्हेत, हाताच्या सवयीची झालेली. या विषयावरचं मराठीतलं सर्वांत जिवंत लेखन, माझ्या मते, याच तिसऱ्या रकान्यात आहे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या हिशेबात हा रकानाच नाही. प्राणी वन्य की नाही, हे त्याच्या स्वभावावरून ठरत नाही, त्याची जात कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, आहे का यावरून ठरतं. बाटलीनं दूध पिऊन वाढलेलं, हाक मारली की धावत येणारं हरीण कायद्याला वन्यच. कावळा, उंदीर, वटवाघूळ यांना तेव्हा 'उपद्रवी' म्हणून वेगळी अनुसूची होती, ती २०२२च्या दुरुस्तीनं गेली. माणसाळणं या गोष्टीला मात्र तेव्हाही जागा नव्हती आणि आजही नाही.

कायद्याला वर्ष-सव्वा वर्ष होतं न होतं तोच, डिसेंबर १९७३मध्ये, भामरागडच्या जंगलात हेमलकशाला आमट्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं काम सुरू झालं. मेलेल्या माकडिणीला घेऊन चाललेले माडिया आदिवासी शिकारी तिथले डॉक्टर प्रकाश आमटे यांना वाटेत भेटले. पिल्लू अजून आईला बिलगलेलं होतं. डॉक्टरांनी ते मागून घेतलं. पुढं अस्वलं आली, बिबटे आले, आणि प्राण्यांच्या या अनाथालयावर विलास मनोहरांचं 'नेगल' हे पुस्तक झालं. शिकारीवर पोट असलेली माणसं जिवंत पिल्लं आणून देऊ लागली, हा बदल आधी घडला. सरकारी मान्यतेचे कागद नंतर आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अशी पुस्तकं 'वन्य प्राणी घरात ठेवायला शिकवतात' हा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. अस्वल म्हणजे सर्कस किंवा शिकार एवढंच माहीत असलेल्या वाचकाला त्यांनी अस्वलाची भूक आणि रुसवा दाखवला.

तरी आक्षेपातला एक भाग खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आजोळी पडवीत पिंजरा होता. भिजवलेली डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड, आणि मिठूचं 'विठ्ठल विठ्ठल'. तो ढोलीतून पंख फुटायच्या आधी काढलेला असतो, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली. देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावरची सरसकट बंदी १९९०-९१ची. आज आपला पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि आफ्रिकेतला राखाडी पोपट नोंदणी करून फ्लॅटमध्ये ठेवता येतो. मुलाला हे समजावून सांगताना शब्द अपुरे पडतात.

पिल्लाला हात लावावा का, याचं उत्तरही दरम्यान बदललं. जुन्नरकडं ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात. आता ते उचलून नेत नाहीत. तपासून, त्याच शेतात, त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि माणसं लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, मानगुटीला धरून एकेक बछडा घेऊन जाते. जुन्या पुस्तकातल्या नायकानं त्यांना घरी आणून दूध पाजलं असतं.

हत्ती या सगळ्यात अवघड. अनुसूचीत अगदी वरचा वन्य प्राणी, तरी मठा-देवळांत पिढ्यान्‌पिढ्या माणसांबरोबर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या मठातली हत्तीण जुलै २०२५मध्ये न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या 'वनतारा' या प्राणी-केंद्रात नेली, तेव्हा निरोपाला गाव रडलं आणि नंतर रस्त्यावर उतरलं. तिच्या पायांच्या आणि एकटेपणाच्या तक्रारी खऱ्या असू शकतात, आणि गावाचं रडणंही खरं होतं. तिच्यावर कुणी पुस्तक लिहायला घेतलं, तर पहिल्याच पानावर तिला पाळीव म्हणायचं की वन्य, हे ठरवावं लागेल.

जुन्या पुस्तकांतली प्रकरणं गाळू नयेत, एवढंच माझं प्रकाशकांना सांगणं आहे. सुरुवातीला एक पान जोडावं: हे कोणत्या साली घडलं, तेव्हा कायदा काय होता, आणि आज असं पिल्लू सापडलं तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवायचं.