तेरा मतदारसंघ एका ओळीत मांडले की काय दिसतं?

नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात प्रतिनिधीगृहाच्या (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) १३ जागांसाठी मतदान झालं. राज्यभरात डेमोक्रॅटिक उमेदवारांना मिळून सुमारे २२ लाख १८ हजार मतं पडली, तर रिपब्लिकनांना २१ लाख ३७ हजार. जागा मात्र रिपब्लिकनांच्या ९ आणि डेमोक्रॅटांच्या ४.

एवढ्यावरून मतदारसंघांच्या सीमांच्या नकाशात गडबड आहे असं म्हणणं घाईचं ठरेल. एका मतदारसंघातून एकच विजेता निवडायचा म्हटलं की मतांचं आणि जागांचं प्रमाण जुळेलच असं नाही. आपल्या लोकसभेतही ते जुळत नाही. त्यामुळे राज्याची बेरीज बाजूला ठेवून एकेका मतदारसंघाकडे पाहावं लागतं.

डेमोक्रॅटांच्या टक्केवारीनुसार तेराही मतदारसंघ उतरत्या क्रमाने लावा. १२व्या मतदारसंघात ७९.६ टक्के, १ल्यात सुमारे ७५, ४थ्यात साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. त्यानंतर थेट ७वा, ५०.१ टक्के. मधला पट्टा पूर्ण रिकामा. उरलेले नऊ रिपब्लिकनांनी जिंकले, ते साधारण ५२ ते ६३ टक्के मतांवर. एका पक्षाची मतं तीन ठिकाणी कोंबलेली आणि बाकी ठिकाणी जेमतेम हरतील इतकी पसरलेली, तर दुसऱ्या पक्षाची जिंकण्यापुरती वाटलेली. निकालांच्या तक्त्यातली ही उडी माझ्या मते राज्याच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

ती आकड्यात पकडण्यासाठी कायद्याचे प्राध्यापक निकोलस स्टेफानोपोलस आणि राज्यशास्त्रज्ञ एरिक मॅकगी यांनी ‘इफिशियन्सी गॅप’ हे माप सुचवलं. हरलेल्याची सगळी मतं वाया, आणि जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्तीची मतंही वाया, असं त्यात धरतात. १२व्या मतदारसंघात डेमोक्रॅट मेल वॉट यांना २,४७,५९१ मतं होती, प्रतिस्पर्ध्याला ६३,३१७. जिंकायला १,५५,४५५ पुरली असती. म्हणजे डेमोक्रॅटांची ९२,१३६ मतं वाया गेली आणि रिपब्लिकनांची ६३,३१७. असा हिशेब सगळ्या मतदारसंघांत करायचा, दोन्ही पक्षांच्या वाया गेलेल्या मतांतला फरक काढायचा आणि त्याला एकूण मतांनी भागायचं. २०१२ साठी उत्तर सुमारे २१ टक्के येतं, रिपब्लिकनांच्या बाजूने.

पण हे माप डोळे झाकून वापरू नये. ७व्या मतदारसंघात डेमोक्रॅट माइक मॅकइंटायर यांना १,६८,६९५ मतं मिळाली आणि रिपब्लिकन डेव्हिड राउझर यांना १,६८,०४१, म्हणजे फरक ६५४ मतांचा. इथे ३२८ मतदारांनी मत फिरवलं असतं तर निकाल उलटला असता आणि राज्याची इफिशियन्सी गॅप एका झटक्यात जवळपास पावणेआठ टक्क्यांनी वाढली असती. नकाशा तोच, मतदारही जवळजवळ तेच. म्हणून जिथे चुरशीच्या जागा असतात तिथे एका निवडणुकीचा आकडा पुरत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. डेमोक्रॅटिक मतदार शार्लट, रॅली, डरहॅम अशा शहरांत दाटीने राहतात. मग कोणीही नकाशा आखला तरी थोडीफार कोंबाकोंब होणारच. नैसर्गिक किती आणि मुद्दाम केलेली किती, हे कसं ठरवायचं? ड्यूक विद्यापीठातले गणितज्ञ जोनाथन मॅटिंग्ली यांच्या गटाने त्यासाठी संगणकाकडून २४ हजारांहून जास्त नकाशे आखून घेतले. राज्यातल्या सुमारे २,७०० मतदान विभागांपैकी सीमेवरचा एखादा विभाग उचलायचा आणि शेजारच्या मतदारसंघात टाकून पाहायचा. प्रत्येक मतदारसंघात जवळपास ७,३३,५०० लोक राहतात का, तो सलग आणि आटोपशीर आहे का, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) विनाकारण फुटत नाहीत ना, हे तपासायचं आणि बदल ठेवायचा किंवा टाकायचा. असे बदल पुरेसे झाले नाहीत तर सगळे नकाशे मूळ नकाशाचीच भावंडं निघतात. म्हणून वेगवेगळ्या नकाशांपासून सुरुवात करून उत्तर तेच येतं का, हे पाहावं लागतं. आटोपशीरपणाची अट सैल ठेवली तर मतदारसंघांना लांबलचक शेपट्या फुटतात.

मग प्रत्येक नकाशावर प्रत्यक्ष पडलेली मतं मांडायची. २०१६ ची मतं मांडली तेव्हा रिपब्लिकनांना १० जागा देणारे नकाशे एक टक्काही निघाले नाहीत. प्रत्यक्षात वापरलेल्या नकाशाने नेमक्या १० जागा दिल्या होत्या. दाटीचं कारण इथे अपुरं पडतं.

आपल्याकडे सीमा परिसीमन आयोग आखतो. नॉर्थ कॅरोलायनात मात्र राज्याचं विधिमंडळच आखतं, आणि गव्हर्नरला त्यावर नकाराधिकार नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांच्या तक्रारी संघीय न्यायालयं ऐकणार नाहीत. हा निर्णय मला खटकतो, कारण मोजमापाची साधनं तोवर हाताशी आली होती. पुढे राज्यातल्या न्यायालयांच्या हस्तक्षेपानंतर २०२० मध्ये निकाल रिपब्लिकनांच्या बाजूने ८-५ लागला. जागा १४ झाल्यावर २०२२ मध्ये न्यायालयाने ठरवलेल्या नकाशावर ७-७. विधिमंडळाने पुन्हा नवा नकाशा केला आणि २०२४ मध्ये पुन्हा रिपब्लिकनांच्या बाजूने १०-४.

२०२४ चा तक्ता वाचताना मात्र जपून. ३ऱ्या आणि ६व्या मतदारसंघात डेमोक्रॅटांचा उमेदवारच नव्हता, त्यामुळे तिथे त्यांची मतं शून्य दिसतात. २०१८ मध्येही ३ऱ्यात वॉल्टर जोन्स बिनविरोध होते आणि त्यांच्या नावावर एक लाख ८७ हजारांहून जास्त मतं नोंदली गेली. ती तशीच बेरजेत घेतली की राज्याचा कौल एका बाजूला झुकलेला भासतो. अशा ठिकाणी त्याच मतदान विभागांतली अध्यक्षपदाची किंवा गव्हर्नरपदाची मतं घेऊन टक्केवारीचा अंदाज बांधतात आणि मगच वरचा हिशेब लावतात. अंदाज बांधलेले मतदारसंघ तक्त्यात वेगळ्या खुणेने दाखवायचे असतात.